कोऱ्या चहावरचा दिवस

फुलंब्री तालुक्यातल्या शेतमजूर बायांच्या बैठकीत ‘सकाळी काय खाल्लं?’ असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं : चहा. बरेचदा कोरा. ‘च्या घेतला की भूक मरती, ताई,’ एकीने सांगितलं. नवऱ्यापोरांचे डबे भरून उरलं तर खायचं, नाही तर तसंच कापूस वेचायला जायचं.

हा चहा आपल्याकडे पूर्वापार आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. आसामचा चहा आधी पिकवला गेला तो विलायतेत विकण्यासाठी. आपल्याला त्याची सवय पद्धतशीरपणे लावली गेली. 1903 साली चहाच्या निर्यातीवर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्या आणि खाणींत चहाचे ठेले लागले. मजूर तरतरीत राहावा, काम जास्त व्हावं, हा हिशेब. पोटाचा हिशेब त्यात नव्हता.

मोरोक्कोची गोष्टही फार वेगळी नाही. तिथला पुदिन्याचा चहा जगप्रसिद्ध. पण पूर्वी दरबारापुरता असलेला चिनी हिरवा चहा घरोघर पोचू लागला तो 1850 नंतर, क्रिमियन युद्धात इंग्रज व्यापाऱ्यांना नवं गिऱ्हाईक हवं होतं तेव्हा. पाहुण्यांसमोर चहा करण्याचा मान तिथे परंपरेने कर्त्या पुरुषाचा. (मान होता म्हणून!)

आपल्याकडे चहाआधी काढे होते. तुळस, आलं, अडुळसा, गवती चहा. बाळंतिणीला ओवा, बाळंतशोपा. हे ज्ञान बायांनी जपलं आणि ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून हसण्यावारी गेलं. पण काढा दुखण्यासाठी होता, भाकरीऐवजी नव्हता. म्हणूनच ‘चहा सोडा, काढा प्या’ सांगणारी शिबिरं मला पटत नाहीत. उपाशी बाईचं पोट गवती चहानेही भरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि आमच्याकडे अनेकजणी रक्तवाढीची गोळीसुद्धा चहाबरोबरच गिळतात. गोळी पाण्याबरोबर घ्या, जेवणानंतर तासभर चहा नको, हे सांगायलाच हवं. पण तेवढंच सांगून आपण उठू नये. मजुरीची बोलणी करताना गटांनी सकाळच्या भाकरीचा विषय काढावा, आणि घरातली पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडते याचाही. मालक बांधावर चहा पाजतो, तो मजुरीत धरू देऊ नये.