एकच प्रत म्हणजे नसलेली प्रत

लोधीपुऱ्यातील आमच्या जुन्या घराची आवराआवर निघाली आणि माळ्यावरून मोडी कागदांची चार गाठोडी खाली आली. जमाखर्च, वतनाचे कागद, सोयरिकीची पत्रे. घरातील एका तरुणाने सहज म्हटले, "काका, या सगळ्यांचे फोटो हार्ड डिस्कमध्ये आहेत. आता ही रद्दी कशाला?" मग ती बाह्य हार्ड डिस्क काढण्यात आली. सहा वर्षांपूर्वी सर्व कागद तिच्यात भरून देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, मखमली पिशवीत तिची प्रतिष्ठापना झाली होती; त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. संगणकास जोडताच आतून टकटक असा आवाज आला. काहीच उघडले नाही. त्या दिवशी रद्दीनेच आमची लाज राखली.

हा दोष त्या डबीचा नाही, आमचा आहे; आणि वाचकांनी रागावू नये, पण तो बहुधा त्यांच्याही घरात आहे. आपल्यातील तरुण समजतात की एकदा डिस्कमध्ये भरले की काम संपले. आपल्यातील वृद्ध समजतात की ती वस्तू मुलांची, आपण शिवू नये. दोघेही तिला तिजोरी मानतात, आणि नेमकी तेथेच फसगत होते.

तिजोरी स्वस्थ बसते. ही डबी फिरते. तिच्यातील चकत्या मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेतात आणि वाचणारी सुई चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर, तरंगत असते. चालू असताना टेबलावरून पडली, धक्का बसला, तर चकती ओरखडते आणि त्याबरोबर आजोबांची सही जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२च्या वर चढतो. अनेक डिस्कच्या वापराची मर्यादा मात्र ३५ अंशांच्या आसपास सांगितलेली असते. ती उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, काम चालू असताना उशीखाली वा कापडाखाली झाकू नये. वायर ओढून काढू नये. आधी संगणकास 'सुरक्षितपणे काढा' असे सांगावे, कारण लिहिलेले सर्व चकतीवर पोहोचलेच असेल असे नाही. टकटक ऐकू आली तर पुन्हा पुन्हा जोडून पाहू नये, घरी उघडून तर मुळीच पाहू नये. ते जाणकाराचे काम आहे. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला म्हणा, ती जोडावी, चार फायली उघडून पाहाव्यात, आणि पाच वर्षे झाली की मजकूर नव्या डिस्कवर उतरवून घ्यावा.

पण ही सारी काळजी दुय्यम आहे. उत्तम सांभाळलेली डिस्कसुद्धा एक दिवस बंद पडणारच. मुख्य प्रश्न प्रतींचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासात आहे. म्हाइंभटांचे लीळाचरित्र परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाले, तेव्हा ते अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा सिद्ध करावे लागले. तुकोबांचे अभंग आपल्यापर्यंत पोहोचले यात संताजी जगनाडे यांच्यासारख्या लिहून घेणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. उलट रायगडावरील शिवकाळातील दप्तर नष्ट झाले. ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, तो कायमचा गेला. आपली परंपरा एका पेटीने राखलेली नाही, नकलणाऱ्या अनेक हातांनी राखली आहे.

यावर आक्षेप येईल, "दुसरी डिस्क म्हणजे दुप्पट खर्च." मान्य. पण घरातील एका लग्नाच्या चित्रफितीवर आपण जे उधळतो, त्याच्या अंशात दोन डिस्क येतात. दुसरा आक्षेप, "आता इंटरनेटवर साठा मिळतो." जरूर घ्यावा, पण वर्गणी चुकली, संकेतशब्द सांगणारा माणूस गेला, तर ते दार बंद होते. म्हणून त्याला तीनपैकी एक प्रत मानावे, एकमेव नव्हे.

तिसरी प्रत ठेवावी कोठे? येथे आपल्या घराण्यांजवळ एक असे बळ आहे ज्याची आपण नेहमी तक्रारच करतो. आपली मुले इंदुरास, पुण्यास, नागपुरास, कोणी सातासमुद्रापार गेली. लोधीपुऱ्यातील वाडे रिकामे झाले. या पांगण्याचा आपण शोक करतो. पण तापीला पूर आला, घराला आग लागली, चोराने कपाट फोडले, तरी पुण्याच्या पुतणीच्या कपाटातील डिस्क सुरक्षित राहील. पांगलेले कुटुंब हेच आपले सर्वांत सोपे संरक्षण आहे. गरज आहे ती फक्त एक प्रत तिच्या हाती देण्याची.

आणखी एक गोष्ट. प्रतीला अर्थ असावा. 'फोटो ०४२७' या नावाच्या फायलीतून नातवाला काय कळणार? मोडी वाचणारे आपल्यात आता मोजकेच उरले आहेत. ते आहेत तोवर प्रत्येक फायलीला साल, विषय आणि माणसाचे नाव देवनागरीत द्यावे. हे न करता साठवलेले हजारो फोटो म्हणजे न उलगडलेले गाठोडेच, फक्त कापडाऐवजी प्लास्टिकमधले.

आणि मूळ कागद? ते जपावेतच. डिस्क ही कागदाची नक्कल आहे, त्याच्या वारसदाराचा हक्क तिला नाही. आमच्या घरी सध्या कागदांचे फोटो पुन्हा काढणे सुरू आहे. या वेळी तीन प्रती होतील, आणि त्यांतील एक बुऱ्हाणपुराबाहेर जाईल. सहा वर्षांपूर्वी हे केले असते तर ही सारी मेहनत दुसऱ्यांदा करावी लागली नसती. आपल्या गाठोड्यांना आणि आपल्या डिस्कला अजून आवाज फुटला नसेल, तर पाडव्याची वाट पाहू नका.