रुळांच्या कडेचं गाव

मुलांनो, आज सुरुवात एका भागाकाराने करू. तुमच्या बाबांची उंची समजा १६५ सेंटिमीटर आहे. तिला ८७ ने भागा. उत्तर येतं १.९. म्हणजे बाबा झाले दोन सेंटिमीटरपेक्षाही जरा कमी, करंगळीच्या वरच्या पेराएवढे! आता घराचं दार घ्या. दोन मीटरचं दार होतं २.३ सेंटिमीटर. रेल्वेचा २४ मीटर लांबीचा डबा होतो साडेसत्तावीस सेंटिमीटर, तुमच्या फूटपट्टीहून थोडा तोकडा.

हा ८७ चा आकडा मी मनाने काढलेला नाही बरं का. जगभर कितीतरी माणसं हौसेने छोट्या रेल्वे बांधतात. त्यांतल्या पुष्कळांचं प्रमाण हेच, १ ला ८७. त्याला ते ‘एचओ’ म्हणतात. खेळण्यातल्या आगगाडीत इंजिन घराएवढं असलं आणि स्टेशनमास्तर इंजिनाएवढा असला, तरी कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र इंजिन, माणूस, गाय, झाड, तारेचा खांब, सगळ्यांना एकाच आकड्याने भागायचं. सवलत कुणालाही नाही.

एका बाबतीत मात्र सगळेच थोडी लबाडी करतात. अंतराच्या! एक किलोमीटर ८७ ने भागला तर साडेअकरा मीटर होतो. पुणे ते लोणावळा ६४ किलोमीटर. ते होतील जवळजवळ ७३५ मीटर. एवढी खोली कुणाच्या घरात असते? नुसती २४ डब्यांची गाडी उभी करायची तर साडेसहा मीटर जागा लागेल. म्हणून ही मंडळी पाच-सहा डब्यांवर भागवतात आणि दोन स्टेशनांच्या मध्ये एक डोंगर उभा करतात. गाडी बोगद्यात शिरली आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने बाहेर आली, की बघणाऱ्याला वाटतं, केवढी दूर जाऊन आली! वेगाचाही भागाकार करावा लागतो. ताशी ६० किलोमीटरची गाडी इथे सेकंदाला १९ सेंटिमीटरच जाते. तुम्ही ती सेकंदाला एक मीटर पळवलीत, तर खऱ्या हिशेबाने ती ताशी ३१३ किलोमीटर धावतेय. त्या गाडीत कोण बसणार?

आता खरी गंमत. हा छंद असलेली दोन माणसं भेटली, की बराच वेळ गाडीबद्दल बोलतच नाहीत. गाडी काय, पैसे टाकले की विकत मिळते. गाडीच्या आजूबाजूचं गाव विकत मिळत नाही. (तयार झाडं मिळतात म्हणा, पण ती सगळी जुळी भावंडं दिसतात.) मग एकमेकांना विचारणं सुरू होतं. पानं कशाची केलीस? नदीला पाणी कसं आणलंस? पत्र्यावरचा गंज कसा जमला?

रुळांखालची खडी घ्या. खरी खडी साधारण पाच सेंटिमीटरची. ८७ ने भागली की अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी. स्वयंपाकघरात या मापाची एक वस्तू आहे, रवा! पण रवा वापरू नका, चार दिवसांत मुंग्यांची यात्रा भरेल. तेवढ्याच दाण्याची वाळू चाळून घ्या. ती रुळांभोवती कोरडीच पसरायची आणि ब्रशने नीट करायची. मग फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने हळूहळू सोडायचं. साबण कशाला? तो नसला तर थेंब वाळूवर मोत्यासारखा बसून राहतो, आत मुरत नाही.

झाडाच्या बाबतीत नवशिक्यांचा हात हमखास आखडतो. पंधरा मीटरचा पिंपळ ८७ ने भागला तरी १७ सेंटिमीटर उरतो. लोक करतात सहा सेंटिमीटरचा, म्हणजे खऱ्या हिशेबाने पेरूच्या झाडाएवढा. मग स्टेशनवरचा पिंपळ कुंडीतला वाटतो. खोड करायचं असेल तर जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारांची जुडी घ्या. खाली घट्ट पिळा, वर फांद्या मोकळ्या सोडा. स्पंज बारीक कातरून हिरवा रंगवा, वाळवा आणि चिकटवा. हिरवे किमान तीन करा. एकाच हिरव्या रंगाचं झाड मी तरी अजून पाहिलेलं नाही.

रंगांचं निघालंच आहे तर सांगते. वर्गात झाडाचं चित्र काढा म्हटलं, की चाळीसच्या चाळीस वह्यांत तपकिरी खोड. तेवढ्यात कुणी खिडकीबाहेर बघत नाही. बाहेरचं खोड राखाडी असतं, एका अंगाला शेवाळाने हिरवट, खाली चुन्याने पांढरं. छोटी रेल्वे बांधणाऱ्याला हे दिसावंच लागतं, नाहीतर त्याचं झाड कुणाला पटणार नाही. लांबचा डोंगर निळसर दिसतो, जवळचा हिरवा. खरा रंग जसाच्या तसा छोट्या घराला दिला तर ते भडक आणि काळपट दिसतं, म्हणून त्यात पांढऱ्याचा थेंब मिसळतात. आणि पाणी? नदीत खरं पाणी ओतायचा मोह सगळ्यांना होतो, पण थेंबाला काही ८७ ने भागता येत नाही. बोटभर माणसाशेजारी तो केवढातरी मोठा दिसतो. म्हणून तळ रंगवून त्यावर पारदर्शक वॉर्निशचे पातळ थर देतात. एक वाळला की दुसरा. घाई केली तर पाणी गढूळ!

असं निरखून बघण्याचा नाद एका माणसाला लागला. त्यातून काय उभं राहिलं ते ऐका.

त्याचं नाव रॉय इंग्लंड. आडनावच इंग्लंड, पण राहणारा ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली तो इंग्लंडला आला तो तिथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या प्रेमापोटी. आला इंजिनं बघायला, आणि अडकला गावांत. तिथे एका टेकडीवर खडूच्या पांढऱ्या खडकात सुमारे ३००० वर्षांपूर्वी लोकांनी एक भलाथोरला घोडा कोरलेला आहे. त्यावरून खालच्या साऱ्या खोऱ्यालाच पांढऱ्या घोड्याचं खोरं म्हणतात. त्या खोऱ्यात गवताने शाकारलेल्या छपरांची जुनी घरं, परसातल्या भाज्या, वाकडेतिकडे रस्ते. रॉयला दिसलं, की हे सगळं भराभर बदलतंय. जुनं छप्पर उतरतंय, तिथे नवं चढतंय. जुनी घरं पडताहेत.

आता एकट्या परदेशी तरुणाने काय करावं? घरं पाडू नका म्हणून कुणाला सांगणार? ज्याचं घर गळतंय त्याने छप्पर बदलू नये असं म्हणणंही बरं नाही. रॉयने ठरवलं, आपण ती घरं तशीच्या तशी छोटी करून ठेवू. त्याने मापं घेतली, फोटो काढले आणि १ ला ७६ या प्रमाणात एकेक घर करायला घेतलं. सामान काय, तर मुख्यतः पुठ्ठा, कागद आणि वॉटरकलर! भिंतीवरची वीट न् वीट रेघ ओढून वेगळी करायची आणि वेगवेगळी रंगवायची. परसात कोबीची रांग असेल तर रांगेतला प्रत्येक कोबी करायचा. एका घराला महिनेच्या महिने लागत.

१९५४ साली त्याने लाँग विटनहॅम नावाच्या खेड्यात या कामाचं संग्रहालय सुरू केलं. त्याचं नाव पेंडन. मदतीला आणखी हौशी माणसं आली. कुणी इंजिनं करणारा, कुणी झाडं करणारा. १९९५ साली रॉय वारला, पण काम काही थांबलं नाही. तिथले स्वयंसेवक त्याच्या मागे घरं करतच राहिले. १९२० ते १९४० च्या काळातलं ते खोरं तिथे बघायला मिळतं, आणि मधून एक गाडी जाते. लोक गाडी बघायला येतात आणि घरं बघत उभे राहतात.

जर्मनीत हँबुर्गला याहून कितीतरी मोठी छोटी रेल्वे आहे. (‘मोठी छोटी’ म्हणायला कसंतरीच वाटतं, पण दुसरा शब्द नाही.) ब्राउन आडनावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली ती लोकांसाठी उघडली. पंधरा किलोमीटरहून जास्त रूळ आहेत, शिवाय विमानतळ आहे. तिथे थोड्या थोड्या वेळाने रात्र होते आणि सगळ्या गावांत दिवे लागतात. बघून डोळे दिपतील, पण मला विचाराल तर माझं मन पेंडनकडेच. आणि पुण्याच्या मुलांना तर इतकं लांब जायलाच नको. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. वेळ आधी विचारून जा.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं सगळं करायला जागा कुठे आणि पैसा कुठे? जागेला एक छान युक्ती आहे. युरोपात १९८१ साली ‘फ्रेमो’ नावाने काही हौशी मंडळी एकत्र आली. त्यांनी ठरवलं, प्रत्येकाने आपापल्या घरी एकेक तुकडा करायचा. मधे काय हवं ते करा, डोंगर, पूल, शेत. फक्त तुकड्याच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या उंचीवर आला पाहिजे. मग एखादी मोठी जागा, बहुतेकदा शाळेची व्यायामशाळा, भाड्याने घ्यायची, सगळ्यांनी तुकडे आणायचे आणि जोडायचे. एकाचं शेत दुसऱ्याच्या पुलाला लागतं, आणि वेळापत्रकाप्रमाणे गाड्या सुटतात!

हे तुमच्या वर्गाला जमण्यासारखं आहे. बुटांच्या खोक्यांची सारख्या मापाची झाकणं घ्या, रूळ मधोमध. रूळ पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे केलेत तरी चालतील. गाडी शेवटी आली तरी चालते, आणि नाही आली तरी गाव होतंच. आई-बाबांनो, तुम्हांला एक विनंती. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, तुटक्या वायरी, वाळलेला चहाचा चोथा (शेतातली माती म्हणून तो फार झकास दिसतो) मुलांनी साठवायला घेतला तर पसारा म्हणून फेकू नका. कटर मात्र तुम्हीच चालवा.

गाव कुठलं करायचं? स्वित्झर्लंडचं चित्र बघून बर्फाचे डोंगर करू नका. तुमचं स्टेशन करा. नाहीतर आजोबांचं करा. सोलापूर जिल्ह्यात १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली. कितीतरी वारकरी तिच्यातून पंढरपूरला गेले. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तो सगळा मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी गेली. गाडी वेगाने पोचते हे चांगलंच झालं. पण स्टेशनवर पाण्याची टाकी कुठे होती, तिकिटाची खिडकी केवढी होती, हे आता ज्यांनी पाहिलं त्यांच्याच डोळ्यांत आहे. त्यांना आत्ताच विचारून घ्या, आणि ते सांगतील तसं वहीत काढा. तिथल्या मुलांसाठी एक खुशखबरही आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागले की पावणेनऊच्या आसपास येतात, आणि छोट्या रेल्वेवाल्यांच्या बाजारात ९ मिलिमीटर रुंदीचे रूळ तयार मिळतात!

स्टेशन मापायला जाताना मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि आधी स्टेशनमास्तरांची परवानगी घ्या. रुळांवर उतरायचं नाही, काहीही झालं तरी. लांबी पावलांनी मोजता येईल. आपलं एक पाऊल किती सेंटिमीटरचं ते घरी मोजून जा. उंचीसाठी भिंतीवर चढायची गरज नाही. विटांचे हात पोचतील तेवढे दहा थर पट्टीने मोजा आणि वरपर्यंतचे थर नुसते डोळ्यांनी मोजा. समजा दहा थर भरले ८० सेंटिमीटर आणि एकूण थर आहेत ४५. म्हणजे भिंत ३६० सेंटिमीटर. भागिले ८७, झाले ४.१. एवढ्या उंचीचा पुठ्ठा कापायचा, आणि त्यावर पेन्सिलीने पंचेचाळीस थर आखायचे.