वस्तूचें वय विचारा

सणासुदीचे दिवस जवळ आले कीं घरोघर खरेदीच्या याद्या निघतात. पूर्वीं या यादींत लुगडीं, भांडीं आणि ऐपत असल्यास एखादा दागिना असे. आतां तींत लॅपटॉप, मोबाइल व एसी येऊन बसले आहेत. ही खरेदीही पुष्कळदां बाजारांत न होतां घरबसल्या, पडद्यावर बोट ठेवून होते. सोय मोठी खरी. परंतु या सोयीपायीं आपल्या घरांतील एक जुनी शहाणी संवय सुटत चालली आहे. तिच्याविषयीं आज दोन शब्द लिहावेसे वाटतात.

मुळशी तालुक्यांतील कासारसाई हें गांव घ्या. नांवांतच कासार आहे. आणि कासाराकडून भांडें घेतांना आपल्या आज्या काय करीत, हें वाचकांस सांगावयास नको. टिचकी मारून नाद ऐकावयाचा, तागडींतलें वजन पाहावयाचें, मगच भाव बोलावयाचा. याच कासारसाई-दारुंब्रें येथें संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. ऊस घालणारा शेतकरी वजनकाट्यावरून नजर हलवीत नाहीं. परंतु कासारसाईचें असो, शेजारच्या हिंजवडीचें असो वा खुद्द पुण्याचें असो, तेंच चोखंदळ घर पडद्यावरील चित्र पाहून तीस-चाळीस हजारांची वस्तु मागवितें, तेव्हां ना नाद ऐकला जातो, ना वजन पाहिलें जातें. पाहिली जाते ती फक्त सवलत.

पितळेचा हंडा पन्नास वर्षांनींही पितळेचाच राहतो. विजेच्या या नव्या वस्तूंचें तसें नाहीं. त्यांचें मोल त्यांच्या वयाबरोबर उतरतें. आणि नेमकें वयच खरेदीच्या वेळीं दिसत नाहीं. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणें खोक्यावर कमाल किंमत, तसाच निर्मितीचा महिना व वर्ष छापावें लागतें. हा तपशील पडद्यावरही दाखविण्याचें बंधन १ जानेवारी २०१८ पासून लागू झालें; पण त्यांतून महिना व वर्ष तेवढें वगळण्यांत आलें. म्हणजे मुलीची उंची, वर्ण, शिक्षण सारें कळवावयाचें आणि जन्मसाल मात्र लग्न लागल्यावर सांगावयाचें, अशांतली ही गोष्ट झाली!

समजा, नातवास अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि आजोबांनीं निवृत्तिवेतनांतून त्याला लॅपटॉप घेऊन देण्याचें ठरविलें. जाहिरातींत ठळक अक्षरांत ‘आय-सेव्हन’ व ‘साठ टक्के सूट’ असें आहे. आतां आय-सेव्हन ही केवळ पदवी आहे. तीवरून वय कळत नाहीं. वय कळतें तें पदवीपुढील आंकड्यावरून. तो ४ नें सुरू होत असेल तर इंटेलची ती चौथी पिढी, म्हणजे २०१३ सालची. ८ नें होत असेल तर आठवी, २०१७ ची. आरंभीं १ असल्यास पहिले दोन अंक धरावे. २०२३ च्या अखेरीस कंपनीनें नांवांची नवी पद्धत सुरू केली. पण आपणांस ओळखावयाचा आहे तो जुनाच माल. जेथें हा आंकडा दिलेलाच नाहीं, तेथें थांबावें.

हा प्रश्न केवळ वेगाचा नाहीं. विंडोज १० ची नेहमींची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. आणि मोजके अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीच्या अलीकडील इंटेल यंत्रांस विंडोज ११ साठीं मायक्रोसॉफ्टची मान्यता नाहीं. ज्या यंत्रावर नातू अभ्यास करणार आणि आजोबा बँकेचा हिशेब पाहणार, त्याच्या दाराला कडीच नसावी, हें बरें नव्हे.

एसीचेंही असेंच. १ जुलै २०२२ पासून त्याचे निकष कडक झाले आणि पांच ताऱ्यांचें यंत्र चार ताऱ्यांचें ठरलें. म्हणून तारे मोजण्याआधीं चिठ्ठीवरील कालावधि वाचावा.

जुनें असणें हा दोष नव्हे. दुरुस्त केलेला जुना संगणक जुना म्हणून, रास्त भावानें विकणारा व्यापारी सचोटीचाच होय. दोष आहे तो जुन्याला नव्याचा भाव सांगण्यांत. छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे, मोल नव्हे. तींतून साठ टक्के वजा झाले म्हणून वस्तु स्वस्त ठरत नाहीं. तेवढ्याच पैशांत यंदाचें कोणतें यंत्र येतें, तें पाहावें. ‘दोनच नग शिल्लक’ या घाईला भुलूं नये. अशी खोटी निकड दाखविणें ही ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत गणलेल्या तेरा फसव्या युक्त्यांपैकीं एक आहे.

वस्तु घरीं येतांच खोकें फोडण्यापूर्वीं त्यावरील महिना व वर्ष वाचावें, छायाचित्र घ्यावें, आणि वय पटलें नाहीं तर परतीची मुदत संपण्याआधीं तक्रार करावी. २०२० च्या नियमांप्रमाणें तक्रारीची पोंच ४८ तासांत व निवारण महिन्याच्या आंत व्हावयास हवें. न झाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांक आहे. शिवाय २०१९ च्या कायद्यानें ग्राहकास स्वतःच्या राहत्या जिल्ह्यांतच दाद मागतां येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी कासारसाईच्या माणसास पुण्याचा जिल्हा आयोग पुरे. मुदत दोन वर्षांची. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली ती याच पुण्यांत. तेथल्या लोकांनीं तरी फसवणूक मुकाट्यानें गिळूं नये.

शेवटीं एक सुचवितों. वडील माणसांस भाव करण्याची हातोटी असते, मुलांस आंकडे वाचण्याची. एकत्र कुटुंबांत हे दोन्ही गुण एकाच छपराखालीं नांदतात. मग हजारोंची खरेदी मात्र एकट्यानें, रात्रीं अंथरुणांत पडून कां व्हावी?