विजेचा हिशेब

वाण्याचे किती, दूधवाल्याचे किती, कामवाल्या बाईंचे खाडे किती, हें सुव्यवस्थित घरांत गृहिणीस तोंडपाठ असतें. विजेचा हिशेब मात्र महिन्याचें बिल भरलें कीं संपला, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही दृढ झालेली दिसते. ही समजूत किती महाग पडूं शकते याचा प्रत्यय आम्हांस गेल्या नरकचतुर्दशीस स्वगृहींच आला. तो वाचकांपुढें ठेवणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

घरांत लहानथोर १४ माणसें आणि पहाटेचीं अभ्यंगस्नानें. गिझर नेमका आदल्या रात्रीं बिघडलेला. तेव्हां बादलींत रॉड सोडून पाणी तापवावें असें ठरलें. रॉडची पिन मोठी, भिंतींतील सॉकेट लहान. आमच्या चिरंजीवांनीं बाजारांतून कन्व्हर्टर आणून ती अडचण दूर केली. त्याच सॉकेटावर मल्टिप्लग लावून सूनबाईंनीं मुलांच्या नव्या कपड्यांसाठीं इस्त्री सुरू केली. तिसरी बादली तापत असतां जळका वास आला. वहिनींनीं प्रसंगावधान राखून मुख्य स्विच बंद केला, म्हणूनच आज हें लिहितां येत आहे. सॉकेट वितळून काळें पडलें होतें आणि मागची जुनी लांकडी पट्टी धुमसूं लागली होती.

सर्व शांत झाल्यावर मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "बंबाला किती लांकडें लागतात हें मला ठाऊक असे. तुम्हांला तुमच्या विजेचें ठाऊक नको कां?"

त्या प्रश्नाचें उत्तर एका भागाकाराइतकें सोपें आहे. गच्चीवरील टाकी जितकी उंच तितका पाण्याचा दाब अधिक. त्याप्रमाणें विजेचा दाब व्होल्टांत मोजतात. नळांतून दर मिनिटास जितकें पाणी येतें तसा विजेचा प्रवाह. तो अँपिअरमध्यें मोजतात. नळाच्या अरुंदपणामुळें पाण्यास होणारी अडवणूक ती रोधासारखी. रोधाचें माप ओहम. दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध मिळतो आणि दाबास प्रवाहानें गुणिलें असतां शक्ति, म्हणजे वॉट, मिळतात. यांपैकीं पहिला नियम कोलोन येथील शाळेंत शिकविणाऱ्या गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकानें १८२७ सालच्या ग्रंथांत मांडला. स्वदेशांत त्याचें स्वागत थंडेंच झालें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ले पदक दिलें तें १८४१ सालीं.

आतां आमचा हिशेब पाहा. घरांतील दाब २३० व्होल्ट. रॉडवर १५०० वॉट छापलेले. २३० नीं भागितां प्रवाह ६.५ अँपिअर आणि रोध सुमारें ३५ ओहम. इस्त्री १००० वॉटची. तिचा प्रवाह ४.३५ अँपिअर आणि रोध सुमारें ५३ ओहम. दोन्ही एकदम चालू असतां प्रवाह जवळजवळ ११ अँपिअर झाला. आणि तें लहान सॉकेट होतें ६ अँपिअरचें! एकटा रॉडही त्यास झेपणारा नव्हता. मोठी पिन लहान सॉकेटांत शिरत नाहीं ती याचसाठीं. कन्व्हर्टरनें पिन बसविली. सॉकेटाचें बळ त्यानें वाढविलें नाहीं.

येथें पुष्कळांची एक गफलत होते. दोन उपकरणें लावलीं म्हणजे अडवणूक दुप्पट होईल असें वाटतें. होतें उलट. एका टाकीस दोन नळ सोडले तर पाणी अधिकच वाहतें. आमच्या दोन उपकरणांचा मिळून रोध २१ ओहमच भरला.

परंतु जळलें तें सॉकेटच कां? जुन्या सॉकेटांत पिन सैल बसते आणि त्या सांध्यास स्वतःचा रोध येतो. तो अर्धाच ओहम धरूं. ११ अँपिअरला त्या सांध्यांत सुमारें साडेपांच व्होल्ट खर्च होतात. त्यांस प्रवाहानें गुणितां सुमारें ६० वॉट. पूर्वीच्या ६० वॉटच्या दिव्यास लागे तेवढी शक्ति अंगठ्याएवढ्या जागेंत कोंडली गेली! केवळ इस्त्री असती तर साडेनऊ वॉटांवरच भागलें असतें. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट होते, हें घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

मग फ्यूज कां उडाला नाहीं? उघडून पाहतां तेथें जाड तांब्याची तार गुंडाळलेली आढळली. ती वारंवार जळते म्हणून घरांतल्याच कोणीतरी कधींकाळीं हा उपाय केला होता. पहारेकऱ्याचें ओरडणें त्रासदायक वाटलें, म्हणून त्याचें तोंड बांधण्यासारखेंच हें झालें.

पंखा, शीतकपाट किंवा एल.ई.डी. दिवा यांस हा साधा भागाकार तंतोतंत लागू पडत नाहीं. परंतु रॉड, गिझर, इस्त्री, शेगडी या निव्वळ तापणाऱ्या वस्तूंस तो उत्तम लागू पडतो, आणि घरांत जड भार याच वस्तूंचा असतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें आतां एक कागद चिकटविला आहे. प्रत्येक उपकरणाचे वॉट, त्यांस २३० नीं भागून आलेले अँपिअर, आणि कोणतें कोठें लावावयाचें. भागाकार इयत्ता सातवींतील नातीनें केले. मातोश्रींनीं ते ऐकून घेतले. मल्टिप्लग अडगळींत गेला, माहितगार तंत्रज्ञाकडून तारा बदलल्या, रॉडसाठीं १६ अँपिअरचें स्वतंत्र सॉकेट बसलें आणि फ्यूजच्या जागीं योग्य मापाचा स्वयंचलित स्विच आला. वाचकांनीं पुढल्या सणाची वाट न पाहतां असा एक कागद आपल्याही घरीं लावावा, ही विनंती.