संशय आधी कोणावर?

रहस्यकादंबरी म्हटली की आपल्याकडची वडीलधारी मंडळी अजूनही नाक मुरडतात. 'अभ्यास सोडून हे काय वाचत बसलास?' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा वाचक विरळाच. पण याच मंडळींपैकी कितीतरी जणांनी तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड भाड्याने आणून, रात्रपाळीहून आल्यावर झोप मोडून वाचलेला आहे, हेही आम्हांला ठाऊक आहे. तेव्हा आज बिनधास्त याच पुस्तकांबद्दल बोलू.

अलीकडच्या काही गाजलेल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या आम्ही वाचल्या. त्यांतल्या दोन २०२२ सालच्या, आणि दोन्हींची नायिका मोलकरीण. आम्हांला याचे अप्रूप का वाटले, ते आधी सांगतो.

रहस्यकथा कशी लिहावी याचे वीस नियम एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली छापले. त्यांतला एक नियम असा की, घरातला नोकर खुनी दाखवू नये. ऐकायला बरे वाटते. पण कारण काय दिले आहे? नोकर दाखवणे फार सोपे पडते; गुन्हेगार कसा भारदस्त हवा, एरवी ज्याच्यावर संशय जाणार नाही असा. म्हणजे नोकरावर तो जाणारच, हे धरून चाललेले! आणि गुन्हेगार व्हायलाही लायकी लागते, हे वर. त्या काळी मोलकरीण कथेत यायची ती चहाचा ट्रे घेऊन, नाहीतर प्रेत पाहून किंचाळायला. अगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९५३ सालच्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये ग्लॅडिस नावाच्या मोलकरणीचा खून होतो, आणि जिने तिला कामाचे वळण लावले ती म्हातारी मिस मार्पल संतापून तपासाला येते. एका कामवालीसाठी कोणाला राग आला, एवढ्यासाठीच ते पुस्तक आमच्या लक्षात राहिले.

आता नव्यांकडे वळू. नीटा प्रोज या कॅनडातल्या लेखिकेची 'द मेड'. पंचवीस वर्षांची मॉली एका बड्या हॉटेलात खोल्या साफ करते. समोरच्याच्या चेहऱ्यावरून मनातले ओळखणे तिला जमत नाही. जिने वाढवले ती आजी वारलेली. आजीनेही जन्मभर मोलकरणीचेच काम केलेले. साठवलेला पैसा गेलेला, घरभाडे थकलेले. अशात एक श्रीमंत पाहुणा तिला बिछान्यात मेलेला सापडतो आणि पोलिसांचा संशय तिच्यावरच येतो. पाहुणे तिच्यादेखत वाटेल ते बोलतात, जणू खोलीत कोणी नाहीच. हे लेखिकेने फार अचूक टिपले आहे. मॉलीच्या मदतीला येतो हॉटेलचा म्हातारा दारवान, आणि त्याची मुलगी वकील आहे! दारात उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्यांची दारे उघडणाऱ्या बापाने मुलीला वकील केले, ही गोष्ट लेखिका ओघात सांगून पुढे जाते. आमच्या मते तिथेच एक वेगळी कादंबरी लपलेली आहे.

तक्रार एकच. मॉलीला आपले काम इतके आवडते की ते पूजेसारखे वाटू लागते. दिवसभर वाकून चादरी बदलणाऱ्या बाईची कंबर रात्री काय म्हणते, हे या पुस्तकात फारसे ऐकू येत नाही.

फ्रीडा मॅकफॅडन यांची 'द हाउसमेड' जास्त गाजली. २०२५ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. लेखिका पेशाने डॉक्टर. दहा वर्षे तुरुंगात काढून पॅरोलवर सुटलेली मिली आपल्या जुन्या मोटारीत झोपते आहे. तिला एका धनवान घरी राहून करायचे काम मिळते. माळ्यावरची इवलीशी खोली, आणि तिच्या दाराला कडी बाहेरून! मालकीण आज गोड बोलते, उद्या नसलेल्या चुका काढते. मिली हे सोसते, कारण काम सुटले तर पुन्हा मोटारीतच झोपायचे. पहिली शंभर पाने आम्हांला खरोखर भिववून गेली ती या सोसण्यामुळे, खुनामुळे नव्हे. घरात अंगठी सापडेनाशी झाली की सर्वांत आधी कोणाची पिशवी उलटी होते, हे आमच्या भगिनींना कादंबरीतून शिकायला नको. मध्यावर कथा अशी गिरकी घेते की पुस्तक खाली ठेवता येत नाही. ती गिरकी आम्ही सांगणार नाही. मात्र त्यानंतर मिलीचे कष्ट मागे पडतात आणि उरतो तो डावपेचांचा खेळ. रंगतो, पण खेळच.

पॉला हॉकिन्सची 'द गर्ल ऑन द ट्रेन' तशी जुनी, २०१५ची. तिचे रहस्य आम्ही अर्ध्यात ओळखले. पण नोकरी गेल्यावरही ते लपवण्यासाठी रोज सकाळी लोकलने लंडनला जाणारी बाई काही केल्या विसरता येत नाही. गिरणी बंद पडल्यावर डबा घेऊन घराबाहेर पडणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना ती ओळखीची वाटेल.

या सर्वांत वजनदार माणूस मात्र एस. ए. कॉस्बी. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा हा कृष्णवर्णीय लेखक. बारच्या दारावर उभे राहणे, बांधकाम, अंत्यविधीच्या दुकानात मदत, अशी कामे करून लिहिता झालेला. त्याच्या 'ब्लॅकटॉप वेस्टलँड'चा (२०२०) नायक गॅरेजवाला आहे. धंदा बसलेला, आईच्या शुश्रूषागृहाचे बिल थकलेले. तो पुन्हा गुन्ह्याकडे कसा वळतो, ते लेखकाने बिलांच्या हिशेबातून दाखवले आहे.

'ऑल द सिनर्स ब्लीड' (२०२३) त्याहून मोठी. टायटस क्राउन हा त्या परगण्यातला पहिला कृष्णवर्णीय शेरीफ, म्हणजे पोलिसांचा निवडून आलेला प्रमुख. शाळेत गोळीबार होतो, सर्वांचा लाडका शिक्षक मरतो, आणि तपासात त्या शिक्षकाचे भयंकर रूप उघडे पडते. पुरलेले देह सापडतात. सगळी काळी मुले, जी हरवल्याची कोणी फारशी दखलच घेतली नव्हती. आम्ही इथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कोणाचे मूल हरवले तर गाव शोधायला निघते आणि कोणाचे हरवले तर निघत नाही, या प्रश्नापुढे खुनी कोण हा प्रश्न लहान वाटू लागतो. टायटसची कोंडीही विलक्षण आहे. गोऱ्यांतले कित्येक त्याला उपरा मानतात, आणि त्याचेच लोक म्हणतात, वर्दी चढवली आणि आम्हांला विसरलास. साहेबाच्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या मुलाने हे पुस्तक वाचावे, आणि त्याच्यावर रागावलेल्या शेजाऱ्यानेही.

रक्तपात मात्र अंगावर येणारा आहे. लहानांच्या हाती देऊ नये. मुलांचे हाल ज्यांना वाचवत नाहीत त्यांनी तर दूरच राहावे. कॉलेजातल्या मुलामुलींनी सुरुवात 'द मेड'पासून करावी. इंग्रजी सोपे, प्रसंग ठसठशीत. 'द हाउसमेड'ची प्रकरणे इतकी छोटी आहेत की दोन स्टॉपांच्या मध्ये एक उरकते. फक्त आपला स्टॉप चुकवू नये.