पाहुणा खेळाडू

रणजी करंडक स्पर्धेत एखादा संघ मानधन देऊन दुसऱ्या संघातला खेळाडू आणतो. त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतात. तो आला की लोक कुरकुरतात, "बाहेरच्याला कशाला आणले? आपल्या मुलाची जागा गेली!" ही तक्रार अगदीच खोटी नाही. संघात जागा अकराच असतात. पण तिचे उत्तर मला वसीम जाफर यांच्या कारकिर्दीत सापडते.

जाफर यांचा जन्म 1978 साली मुंबईत झाला. वडील बसचालक होते. अंजुमन-ए-इस्लाम शाळेकडून खेळताना पंधराव्या वर्षी त्यांनी नाबाद 400 धावा केल्या. पुढे ते भारताकडून 31 कसोटी सामने खेळले. 2008 नंतर भारतीय संघाचे दार बंद झाले. पण त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. रणजी स्पर्धेत 12,000 धावा करणारे ते पहिले फलंदाज ठरले.

2015 मध्ये ते मुंबई सोडून आपल्या विदर्भाच्या संघात आले. तोपर्यंत विदर्भाने रणजीची अंतिम फेरीही गाठली नव्हती. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला विदर्भाने दिल्लीला हरवून करंडक जिंकला. विजयी धावा जाफर यांच्याच बॅटमधून निघाल्या. पण त्या सामन्यात शतक कोणी केले? अक्षय वाडकरने. हॅटट्रिक कोणी घेतली? रजनीश गुरबानीने. कर्णधार कोण होता? फैज फजल. हे तिघेही विदर्भातच घडलेले! पुढच्या वर्षी नागपुरात विदर्भाने करंडक पुन्हा जिंकला. त्या हंगामात चाळिशीतल्या जाफर यांनी हजाराहून अधिक धावा केल्या.

2020 मध्ये ते निवृत्त झाले. तरीही 2025 मध्ये विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. त्या संघातही बाहेरून आलेले खेळाडू होते; पण कर्णधार होता आपला अक्षय वाडकर.

माझ्या मते, पाहुण्या खेळाडूने फक्त धावा करून मानधन घेतले, तर लोकांची तक्रार खरी ठरते. मात्र आपल्या अनुभवाने त्याने तरुणांना धीर दिला, तर एक जागा घेऊन तो दहा जणांना मोठे करतो. म्हणून नवा माणूस आला की "हा कुठला?" असे विचारू नका. "हा गेल्यावर आपल्याजवळ काय उरेल?" असे विचारा.