वर्दी आणि निवाडा
ज्या मूत्राकडे मुंग्या धावतात ते मधुमेह्याचे, हे प्राचीन वैद्यांस ठाऊक होते. १९५६ साली मूत्रशर्करा रंगाने दाखविणारी कागदी पट्टी बाजारात आली, आणि आता तसल्याच पट्टीचे रंग शेजारच्या प्रमाणरंगांशी ताडून, उजेडाचा दोष वजा करून, मोबाइलचा कॅमेरा शर्करेचा व प्रथिनांचा हिशेब रुजू करतो. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरवस्तीतून नाशिकचे जिल्हा रुग्णालय गाठणे जिला दुरापास्त, त्या गर्भवतीच्या मूत्रातील प्रथिन वेळीच कळणे ही गर्भविषबाधेची आगाऊ वर्दीच होय. तथापि पट्टी वर्दी देते, निवाडा नव्हे. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या नाशकात नांदते, तेथील वैद्यकवर्गाने ही पट्टी आधी पारखावी आणि मगच वाड्यापाड्यांवर धाडावी.